टाचेमागची शीर दुखतेय? या चुका टाळा

सकाळी उठल्यावर पहिली चार पावलं लंगडत टाकावी लागतात, टाचेच्या मागे आखडल्यासारखं होतं आणि चहा होईपर्यंत सगळं मोकळं, असं रोज होत असेल तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. पोटरीला टाचेच्या हाडाशी जोडणारी जी जाड शीर हाताला लागते ना, ते अकिलीस टेंडन, आणि त्याचं दुखणं बहुतेक वेळा असंच सुरू होतं. (टाचेच्या खाली, तळव्याला दुखत असेल तर ते प्लांटर फॅसायटिस असू शकतं, तो वेगळा विषय.)

सगळ्यात जास्त फसवतं ते हे की पळायला लागलं की दोन किलोमीटरात दुखणं गायब होतं. मलापण वाटलं गेलं, आणि मी सातारा हिल मॅरेथॉनसाठी घाटातले रन चालूच ठेवले, दुसऱ्या दिवशी जिना उतरता येईना. चढावर टाच खाली दबते, शीर जास्त ताणली जाते, त्यात आठवड्याचे 15 किमी एकदम 30 केले की ती झेपत नाही. म्हणून पळताना काय वाटतं ते सोडा, दुसऱ्या दिवशी सकाळी किती आखडलंय ते बघा.

दुसरी चूक म्हणजे महिनाभर पूर्ण आराम. दुखणं थांबतं पण शीर तेवढीच कमजोर राहते, परत पळालं की परत तेच. तिला हळूहळू लोड द्यावा लागतो. स्वीडनचे ऑर्थोपेडिक सर्जन अल्फ्रेडसन यांनी 1998 मध्ये मांडलेला व्यायाम अजून वापरतात: पायरीच्या कडेला चवड्यावर उभं राहून टाच सावकाश खाली सोडायची, 15 चे 3 सेट, एकदा गुडघा सरळ आणि एकदा वाकवून, दिवसातून दोनदा, 12 आठवडे. पण दुखणं टाचेच्या 2 ते 6 सेंमी वर असेल तरच असं, अगदी हाडापाशी असेल तर पायरीच्या खाली टाच नेऊ नका, जमिनीवरच करा, आणि फिजिओला एकदा दाखवाच.

सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन अशा अँटिबायोटिकनेही ही शीर दुखावते, तुटूही शकते, त्यामुळे गोळ्या चालू असताना दुखायला लागलं तर लगेच डॉक्टरांना सांगा.

आणि मागून कोणी लाथ मारल्यासारखं वाटलं, ‘टक्’ आवाज आला, त्या पायाच्या चवड्यावर उभं राहता येत नसेल तर त्याच दिवशी ऑर्थोपेडिककडे जा. पाऊल थोडंफार हलतंय म्हणून थांबू नका, शीर पूर्ण तुटली तरी बाकीचे स्नायू पाऊल हलवतात.