खाऱ्या पाण्यातला खेकडेखाऊ बेडूक : शोधावा कसा आणि नोंद कशी ठेवावी

बेडकाची त्वचा पाण्याला अडवत नाही. म्हणूनच बहुतेक जातींचे बेडूक समुद्राच्या पाण्यात शरीरातील पाणी गमावून लवकर मरतात. आग्नेय आशियातील कांदळवनांत राहणारा खेकडेखाऊ बेडूक (फेजेरवार्या कँक्रिव्होरा) या नियमाला ठळक अपवाद आहे. थायलंड, मलेशिया, सिंगापूर, इंडोनेशिया आणि फिलिपिन्स हा त्याचा मुख्य प्रदेश असून भारतात अंदमान-निकोबार बेटांवर या गटातील बेडूक आढळतो. कोकणातील तिवरांच्या चिखलात मात्र त्याला शोधू नये.

सिंगापूरला राहणाऱ्या किंवा तेथे जाणाऱ्या मराठी निसर्गप्रेमींसाठी कांदळवनातील लाकडी पायवाट ही सर्वांत सोयीची जागा आहे, कारण तेथून चिखल न तुडवता पाहणी करता येते. तरीही निघण्यापूर्वी रात्री प्रवेश आहे का, याची चौकशी करावी. सुंगेई बुलोहसारख्या राखीव क्षेत्रात तर खाऱ्या पाण्यातील मगरीही आहेत. सूर्यास्तानंतर दोनएक तासांनी ओहोटी असेल असा दिवस निवडावा. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा आपल्याकडचा हिशेब तेथे लागू पडत नाही, म्हणून स्थानिक भरती-ओहोटीचे तक्तेच पाहावेत. शिंपडून गेलेल्या पावसानंतरची रात्र उत्तम, कारण नर तेव्हाच अधिक ओरडतात.

विजेरी कपाळावर किंवा डोळ्यांच्या पातळीवर धरून उजेड मंद ठेवावा, म्हणजे बेडकाचे डोळे चमकून दिसतात. कठड्याला किंवा फांदीला हात लावण्यापूर्वी तेथे उजेड टाकून पाहावे, कारण कांदळवनातील विषारी चापडा साप नेमका अशाच जागी निश्चल बसलेला असतो. दिसलेला बेडूक करड्या-तपकिरी रंगाचा, पाठीवर उभ्या तुटक वळ्या असलेला आणि सात-आठ सेंटिमीटर लांबीचा असेल, तर मागच्या पायाची बोटे पाहावीत. शेतातल्या साध्या बेडकाच्या बोटांमधील पडदा अर्ध्यावर संपतो, तर याचा पडदा बोटांच्या टोकांकडे बराच पुढे गेलेला असतो. ओळख पटवण्यासाठी बेडूक पकडण्याची गरज नाही. पाय पसरलेला असताना घेतलेले एक स्पष्ट छायाचित्र पुरते.

येथवरचे काम कोणीही करते. माझ्या मते खरी नोंद पाण्यापासून सुरू होते. हाच बेडूक भातखाचरांत आणि रस्त्याकडेच्या गोड्या पाण्याच्या गटारांतही राहतो, त्यामुळे तो खाडीकाठी दिसला एवढ्यावरून तो खाऱ्या पाण्यात होता असे म्हणता येत नाही. त्यासाठी हातात मावणारा रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे पाण्यातील क्षारांचे प्रमाण मोजणारे उपकरण, सोबत ठेवावा. आधी ऊर्ध्वपातित पाण्याचे दोन थेंब काचेवर टाकून निळ्या-पांढऱ्या भागांतील सीमारेषा शून्यावर आणावी. मग काच पुसून, बेडूक बसला होता त्याच डबक्यातील पाण्याचे थेंब टाकावेत, झाकण बुडबुडा न राहता मिटावे आणि विजेरी समोर धरून सीमारेषा कोणत्या आकड्यावर आहे ते वाचावे. पाऊस पडून गेला असेल तर हलके गोडे पाणी वर आणि जड खारे पाणी तळाशी राहते, म्हणून दोन्ही ठिकाणचे आकडे स्वतंत्र लिहावेत.

या आकड्यांचा अर्थ लावण्यासाठी 1961 मध्ये गॉर्डन, श्मिट-नील्सन आणि केली यांनी प्रसिद्ध केलेला अभ्यास उपयोगी पडतो. समुद्राच्या पाण्यात दर हजारी सुमारे 35 भाग क्षार असतात. प्रौढ बेडूक 28 भागांपर्यंत तग धरतो, असे त्यांना आढळले. खाऱ्या पाण्यात तो शरीरातील युरिया बाहेर न टाकता रक्तात साठवतो आणि रक्त भोवतालच्या पाण्यापेक्षा किंचित अधिक संहत ठेवतो, त्यामुळे त्वचेवाटे पाणी बाहेर न जाता आत येत राहते. शार्कही हीच युक्ती वापरतात. टॅडपोलची, म्हणजे बेडकाच्या शेपटीवाल्या पिल्लांची, रीत निराळी आहे: ते हाडांच्या माशांप्रमाणे जादा क्षार बाहेर टाकतात आणि 39 भागांपर्यंतही जगतात, पण त्यांचे बेडकात रूपांतर होण्यासाठी पाणी पुन्हा सौम्य व्हावे लागते. म्हणून उन्हाने आटलेल्या डबक्यात केवळ टॅडपोल दिसले आणि आकडा 30 च्या वर गेला, तर चुकीचे मोजले असे समजून नोंद खोडू नये; पुढच्या मोठ्या पावसानंतर त्याच डबक्यावर परत जावे.

नावावर जाऊन प्रत्येक बेडकाच्या तोंडात खेकडा शोधण्यातही अर्थ नाही, कारण गोड्या पाण्याजवळ तो मुख्यतः कीटकच खातो. प्रत्यक्ष भक्ष्य पकडताना दिसले तरच ते लिहावे. नोंदीत तारीख, वेळ, भरतीची अवस्था, शेवटचा पाऊस कधी पडला, पाण्याचे तापमान आणि क्षारतेचे दोन्ही आकडे असावेत. निघण्यापूर्वी रिफ्रॅक्टोमीटरची काच गोड्या पाण्याने धुऊन मऊ कापडाने टिपून घ्यावी. तिच्यावर मीठ वाळले, तर पुढच्या खेपेचे सारे आकडे चुकतात.