सीटी मशीन घेण्याआधी कंपनीची वरची माणसं कशी पारखायची

माझं सेंटर माजलगावात आहे. एमबीबीएस अंबाजोगाईला केलं, एमडी मुंबईला, आणि परत आले ती इथेच. सोळा स्लाइसची, म्हणजे एका फेरीत शरीराचे सोळा काप टिपणारी सीटी, दोन सोनोग्राफी आणि एक डिजिटल एक्स-रे एवढा माझा पसारा. पहिली सीटी घेतली तेव्हा मी स्लाइस मोजल्या, ट्यूबची क्षमता पाहिली, किमतीवर तीन आठवडे घासाघीस केली. कंपनी कोण चालवतं हे मात्र एकदाही विचारलं नाही.

दसऱ्यानंतरचे दिवस होते. ऊसतोडीला निघालेल्या एका टोळीची ट्रॉली उलटली आणि डोक्याला मार लागलेला एक मुलगा रात्री अकराला आमच्या दारात आला. सीटी चार दिवसांपासून बंद होती. त्याला तसंच बीडला पाठवलं. तो वाचला. पण गाडीत बसताना त्याची आई मला म्हणाली, "बाई, मशीन तर हाय की तुमच्याकडं." ते अजून कानात आहे. ती मशीन एकूण १९ दिवस बंद राहिली. इंजिनिअर रोज सांगायचा, "मॅडम, पार्ट यायलाय." त्या पोराच्या हातात काहीच नव्हतं. मी वर फोन करायचं ठरवलं तेव्हा लक्षात आलं की वर कुणाला करायचा हेच मला माहीत नाही. ज्यानं मशीन विकली तो मॅनेजर नोकरी सोडून गेला होता, आणि सर्व्हिसच्या प्रमुखाची जागा दोन महिन्यांपासून रिकामी होती.

दुसरी मशीन घेताना आधी माणसं पाहिली, मग मशीन. तालुक्याच्या गावी सेंटर टाकू पाहणाऱ्या डॉक्टरांनी आणि ट्रस्टच्या दवाखान्यांनी हे काम कसं करावं, ते सांगते. दोन संध्याकाळी आणि सात-आठ फोन, एवढाच वेळ लागतो. मशीन दहा वर्षं वापरायची आहे हे धरून चाला.

कोरा कागद घ्या आणि त्यावर चार जागा लिहा: सर्व्हिस कोण पाहतं, गुणवत्ता आणि परवाने कोण पाहतं, कंपनीत डॉक्टर कोण आहे, आणि पैशाच्या कागदावर शेवटची सही कोणाची. प्रत्येक जागेपुढे माणसाचं नाव, तो त्या खुर्चीत कधीपासून आहे आणि त्याच्या आधी कोण होतं, हे भरायचं. कंपनीच्या संकेतस्थळावर फोटोंसकट वरच्या लोकांचं पान असतं, तिथून सुरुवात होते. शेअर बाजारात नोंदलेली कंपनी असेल तर वार्षिक अहवाल उघडा. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार व्यवस्थापकीय संचालक, कंपनी सेक्रेटरी, मुख्य वित्त अधिकारी ही माणसं तिला जाहीरपणे दाखवावी लागतात. खाजगी कंपनी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर संचालकांची नावं मिळतात. किती वर्षं कोण कुठे होतं, ते लिंक्डइनवर बहुतेकांनी स्वतःच लिहून ठेवलेलं असतं. मी हे सगळं माझ्या टेक्निशियनला सोबत घेऊन केलं, कारण मशीनपाशी रात्री तोच बसतो.

बहुराष्ट्रीय कंपनी असेल तर कागदावर दोन ओळी आखा, एक मुख्यालयाची आणि एक भारतातली. मुख्यालयाची ओळ कंपनी कुठे चालली आहे ते सांगते. सीमेन्स हेल्थिनियर्स २०१८ साली शेअर बाजारात स्वतंत्रपणे नोंदली गेली आणि तिच्या प्रमुखपदी आलेले बेर्न्ड मोंटाग हे मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. जीई हेल्थकेअर जानेवारी २०२३ मध्ये मूळ जीईपासून वेगळी झाली, ती पीटर आर्दुइनी यांच्या नेतृत्वाखाली. हे वाचावं, समजून घ्यावं. पण तुमचा डिटेक्टर बंद पडला तर पार्ट विमानात चढवायचा की नाही, हे भारतातल्या ओळीतला माणूस ठरवतो, आणि बऱ्याचदा पश्चिम विभागाचा सर्व्हिस प्रमुख. त्याचा फोटो कुठल्याच पानावर नसतो. त्याचं नाव मागून घ्यावं लागतं. विक्रेत्याला सरळ विचारा; तो टाळाटाळ करू लागला तर तेही कागदावर लिहा.

मालकी बदलण्याचाही विचार करा. तोशिबाचा वैद्यकीय यंत्रांचा व्यवसाय २०१६ मध्ये कॅननने घेतला. हिताचीचा इमेजिंगचा व्यवसाय २०२१ मध्ये फुजीफिल्मकडे गेला. यात वाईट काही नाही, व्यवहारात असं होतंच. पण तुमच्या करारात एक वाक्य हवं: कंपनीची मालकी किंवा नाव बदललं तरी सर्व्हिसची आणि पार्ट्सची जबाबदारी पुढच्या मालकावर कायम राहील. माझ्या वकिलांनी हे वाक्य घालायला दहा मिनिटं घेतली.

आता सर्व्हिसच्या खुर्चीकडे. इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. पहिला प्रश्न: सर्व्हिसचा प्रमुख कुणाच्या हाताखाली आहे? तो थेट कंपनीच्या प्रमुखाला जाब देत असेल तर त्याच्या शब्दाला वजन असतं. तो विक्रीप्रमुखाच्या हाताखाली असेल तर नवी मशीन बसवण्याची घाई आणि तुमची बंद मशीन यांत त्याचा इंजिनिअर कुठे जाईल, याचा अंदाज तुम्हीच करा. दुसरा प्रश्न खुर्चीच्या इतिहासाचा. तीन वर्षांत तीन माणसं बदलली असतील तर का, हे विचारायला लाजू नका. तिसरा, या मॉडेलवर प्रशिक्षण झालेले इंजिनिअर महाराष्ट्रात किती, आणि आपल्याकडे येणारा राहतो कुठे? छत्रपती संभाजीनगरला राहणारा आणि पुण्याहून निघणारा यांत आपल्यासाठी एका रात्रीचं अंतर असतं. चौथा प्रश्न पार्ट्सचा. ट्यूब, डिटेक्टरचं मॉड्यूल, हाय व्होल्टेज जनरेटर यांतलं काय भारतातल्या गोदामात असतं आणि काय बाहेरून मागवावं लागतं?

करारातल्या अपटाइमच्या, म्हणजे मशीन चालू राहण्याच्या हमीच्या, आकड्याला फसू नका. ९५ टक्के ऐकायला छान वाटतं. वर्षाचे ३६५ दिवस धरले तर उरलेले ५ टक्के म्हणजे १८ दिवस मशीन बंद राहिली तरी कंपनीनं करार मोडला नाही. माझ्या १९ दिवसांतला एकच दिवस त्यांच्या खात्यावर चुकीचा पडला होता. ९८ टक्के म्हणजे साधारण ७ दिवस. तो आकडा चोवीस तासांवर मोजतात की फक्त कामाच्या वेळेवर, हे लिहून घ्या, आणि तो मान्य करणाऱ्या माणसाला खरंच तो अधिकार आहे का ते पाहा. सीएमसीमध्ये, म्हणजे पार्ट्ससकट देखभालीच्या करारात, ट्यूब धरली आहे की नाही, हे तोंडी सांगितलेलं चालत नाही.

ऑर्डर देण्याआधी सर्व्हिस प्रमुखाशी वीस मिनिटं बोलायला मिळालंच पाहिजे, अशी मी अट घातली. एका कंपनीनं सांगितलं, साहेब फार कामात असतात. त्यांचं कोटेशन मी बाजूला ठेवलं. दुसरीकडचे साहेब बोलले आणि त्यांनी माझ्याआधी मलाच प्रश्न विचारले: ट्रान्सफॉर्मर स्वतंत्र आहे का, मे महिन्यात दुपारी व्होल्टेज कुठवर जातं, गँट्रीच्या (सीटीच्या गोल कमानीच्या) खोलीत किती टनांचे एसी आहेत, एक बंद पडला तर दुसरा आहे का, रस्त्याची धूळ दारातून किती आत येते. अशी चौकशी करणाऱ्या माणसानं आपल्यासारख्या गावात मशीन उभी केलेली असते. ते मला कळलं आणि तिथेच माझा निर्णय झाला.

गुणवत्ता आणि परवान्यांचा माणूस हा तुमचा कायद्यातला जोडीदार. एक्स-रे आणि सीटीच्या मॉडेलला एईआरबीची, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाची, मान्यता लागते, त्यांच्या ई-लोरा या संकेतस्थळावरून आपल्याला लायसन्स काढावं लागतं, आणि दर दोन वर्षांनी मशीनची गुणवत्ता तपासणी करून घ्यावी लागते. वैद्यकीय उपकरणांचे २०१७ चे नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू आहेत आणि त्यात जोखमीनुसार उपकरणांचे ए ते डी असे वर्ग आहेत. कंपनीकडे आयएसओ १३४८५, म्हणजे वैद्यकीय उपकरणांच्या गुणवत्ता व्यवस्थेचं, प्रमाणपत्र आहे का, एवढं विचारून थांबू नका. मशीनमध्ये दोष सापडला तर ग्राहकांना सुरक्षा सूचना कोण पाठवतं, कुणाच्या सहीनं पाठवतं, आणि शेवटची सूचना कधी पाठवली? आम्ही आजवर एकही पाठवली नाही, असं कुणी अभिमानानं सांगितलं तर मला काळजी वाटते. मोठ्या यंत्रात दोष निघतातच. ते आपणहून कळवणारी माणसं वर बसलेली हवीत.

सोनोग्राफी घेत असाल तर इथे आणखी थांबा. आपल्या बीड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. २००१ मध्ये त्या ८९४ होत्या. मी याच जिल्ह्यात प्रोब हातात धरते, आणि हे आकडे मला पाठ आहेत. १९९४ चा पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा, कायदा नोंदणी नसलेल्या केंद्राला मशीन विकायलाच मनाई करतो. तरी एका विक्रेत्यानं मला सांगितलं होतं, "मॅडम, मशीन आधी ठेवून घ्या, रजिस्ट्रेशन होत राहील." मी त्याला चहा दिला आणि परत पाठवलं. मग त्याच्या कंपनीच्या प्रमुखाला मेल केली: तुमचा माणूस हे बोलला, तुमचं धोरण काय आहे? उत्तर आलं नाही. तुम्हीही प्रत्येक कंपनीला लेखी विचारा की नोंदणी प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय मशीन गोदामातून न सोडण्याची जबाबदारी नावानिशी कुणावर आहे. नाव सांगता आलं नाही, तर त्या कंपनीकडून काही घेऊ नका, कितीही स्वस्त असलं तरी.

डॉक्टरची खुर्ची कधी लागते? मशीनसोबत एआयचं सॉफ्टवेअर येत असेल तर नक्की लागते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये पंधरा वर्षांवरच्या लोकांच्या क्षयरोग तपासणीत छातीचा एक्स-रे संगणकानं वाचायला मान्यता दिली. २०१६ साली सुरू झालेल्या मुंबईच्या क्यूर डॉट एआयचे संस्थापक पाहा: प्रशांत वारियर विदाविज्ञानाचे (डेटा सायन्सचे), पूजा राव डॉक्टर. अशी जोडी दिसली की विचारायचे प्रश्न सोपे होतात. संगणकानं चूक केली तर ती कोणता डॉक्टर तपासतो? माझ्या रुग्णांसारख्या, ऊस तोडून, चुलीच्या धुरात राहून आलेल्या लोकांच्या छाती त्याच्या तपासणीत होत्या का? कंपनीत डॉक्टर फक्त सल्लागार मंडळाच्या फोटोत असेल आणि पगारावर एकही नसेल, तर सॉफ्टवेअरसाठी वेगळे पैसे देऊ नका.

वित्त अधिकाऱ्याबद्दल एवढंच: मार्चअखेरीस मोठी सूट मिळते, ती जरूर घ्या, पण त्या पत्रावर अधिकृत सही करणाऱ्याचं नाव आणि पद छापलेलं हवं.

संस्थापकच प्रमुख असलेल्या कंपन्यांबद्दल मला आपुलकी आहे. अशा माणसाला फोन लागतो, आणि मशीनशी त्याचं नातं असतं. पण एक गोष्ट ध्यानात ठेवते. सीटी ज्यानं प्रत्यक्षात आणली तो गॉडफ्रे हाऊन्सफील्ड ईएमआय या कंपनीत नोकरीला होता. १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचं स्कॅनिंग झालं. १९७९ मध्ये त्याला अ‍ॅलन कॉरमॅकसोबत नोबेल मिळालं. आणि त्याच सुमारास ती कंपनी स्कॅनरच्या धंद्यातून बाहेर पडत होती. शोध घरचा होता, तरी कंपनी त्या धंद्यात टिकली नाही. म्हणून संस्थापक कितीही हुशार असला तरी त्याच्या शेजारच्या खुर्चीत कारखाना, पुरवठा आणि सर्व्हिस सांभाळणारं कोण आहे, आणि उद्या तो आजारी पडला तर निर्णय कोण घेईल, हे त्याला समोर बसवून विचारा. चांगला माणूस या प्रश्नानं दुखावत नाही.

कागद भरला की फोन सुरू करा. विक्रेत्यानं दिलेल्या यादीतले ग्राहक घेऊ नका. जालना, परभणी, हिंगोली, धाराशिव इकडे त्याच कंपनीची पाच वर्षं जुनी मशीन कुठे आहे, ते आपल्याच संघटनेच्या लोकांकडून काढा. मशीन कशी आहे असं विचारलं तर सगळे चांगली म्हणतात, कारण स्वतःची खरेदी चुकली असं कुणी सांगत नाही. मी विचारते, शेवटची बंद कधी पडली, तुम्ही सगळ्यात वर कुणाला फोन केला, आणि त्यांचा परत फोन किती वेळात आला? परभणीच्या एका डॉक्टरांनी या प्रश्नावर तिथल्या तिथे मोबाइल काढून मला वेळ वाचून दाखवली. रात्री नऊ चाळीसला त्यांचा फोन गेला होता, दहा पाचला विभागप्रमुखाचा परत आला होता.

मशीन बसली की तो कागद फाइलला लावू नका. आमच्याकडे तो कन्सोलशेजारी भिंतीवर चिकटवलेला आहे. इंजिनिअरपासून भारताच्या प्रमुखापर्यंत पाच नावं, पाच नंबर. दर एप्रिलमध्ये टेक्निशियन प्रत्येक नंबरवर फोन करून माणूस तोच आहे का ते पाहतो. नवा माणूस आला असेल तर मी स्वतः बोलते, आमची मशीन कुठे आहे आणि इथून पुढची सीटी किती लांब आहे ते सांगते. टेक्निशियनला सांगून ठेवलंय: तक्रार नोंदवून चार तास झाले आणि उत्तर नाही, तर मला न विचारता पुढच्या नावाला फोन लावायचा, मग रात्रीचे कितीही वाजलेले असोत.