मुंबईच्या तलावांत गाळ उतरू नये म्हणून: ओघळीतले दगडी बांध कसे घालावेत

मुंबईचे सातही तलाव काठोकाठ भरले की उपयुक्त साठा १४,४७,३६३ दशलक्ष लिटर होतो. त्यातला जवळजवळ निम्मा एकट्या भातसात. पाऊस चार महिन्यांचा, शहराची तहान बारा महिन्यांची. डोंगरावरची माती तलावात उतरली की तेवढी साठ्याची जागा गेली, म्हणून शहापूर-मोखाड्याच्या पाणलोटात पहिलं काम माती अडवण्याचं.

दुष्काळी भागातली चरांची पद्धत इथे जशीच्या तशी आणू नका. हिशोब साधा आहे. ३ मीटर लांब, ६० सेंमी रुंद, ४५ सेंमी खोल चरात ०.८१ घनमीटर पाणी मावतं. हेक्टरी ६० चर खणले तरी जेमतेम ४९ घनमीटर. दिवसाला १०० मिमी पाऊस इथे नवा नाही, आणि तो हेक्टरवर १,००० घनमीटर पाणी ओततो. चर तुडुंब भरतो, खालचा भराव फुटतो आणि तिथूनच नवी ओघळ सुरू होते.

त्याऐवजी आहेत त्या ओघळी माथ्यापासून पायथ्याकडे बांधत या. कुठली आधी, हे पावसाळ्यातच ठरवा: जोराची सर चालू असताना प्रत्येक ओघळीचं पाणी पारदर्शक बाटलीत भरा आणि तासभर हलवू नका. जिच्या तळाशी गाळाचा थर सर्वांत जाड, ती पहिली. वनजमिनीवर वनखात्याची परवानगी लागतेच; तानसा अभयारण्यात तिच्याशिवाय एक दगडही हलवू नका.

बांध उन्हाळ्यात घाला. पाया ३० सेंमी खोल घ्या आणि दोन्ही काठांत बांध किमान ३० ते ५० सेंमी आत घुसवा. सगळ्यात जास्त चूक इथेच होते: बांध काठाला नुसता टेकवला तर पाणी बगलेनं वाट काढतं, काठ खातं आणि बांध कोरडा उभा राहतो. मधला भाग कडेपेक्षा २० ते ३० सेंमी खाली ठेवा, तो सांडवा. वरच्या अंगाला उतार १:१ (जेवढी उंची तेवढाच आडवा पसारा), खालच्या अंगाला १:२ (उंचीच्या दुप्पट पसारा). मोठे दगड खालच्या अंगाला आणि माथ्यावर, बारीक दगड फटींत. माती मुळीच भरू नका, पहिल्या पुरात ती धुऊन जाते. सांडव्याचं पाणी पडतं तिथे सपाट दगड अंथरा, नाहीतर पाया खालून पोखरला जातो. उतारात रुतलेले दगड उपटू नका, सुटे पडलेलेच वेचा.

दोन बांधांतलं अंतर डोळ्यांनी ठरवू नका. गवंड्याची पाण्याची नळी घ्या. वरच्या बांधाचा पायथा आणि खालच्याचा सांडवा एका पातळीत यायला हवेत. ओघळीचा उतार १० टक्के आणि सांडवा ७५ सेंमी उंच असेल तर अंतर साडेसात मीटर. मोठ्या ओढ्यात सुटे दगड टिकत नाहीत, तिथे तारेच्या जाळीतला गॅबियन बांध हवा.

पहिल्या दमदार पावसानंतर प्रत्येक बांध बघा, निसटलेले दगड पुन्हा बसवा. बांधामागे गाळ साचला की तो उपसू नका. त्यात वाळ्याची ठोंबं १० ते १५ सेंमी अंतरावर लावा, मुळं त्याला धरून ठेवतात.

आणि वणवा. गवत जळालेल्या उतारावरून जूनच्या पहिल्या सरीतच राख-माती खाली येते, ती कितीही बांधांना आवरत नाही. राब भाजताना, म्हणजे भाताच्या रोपांची जागा पालापाचोळा जाळून तयार करताना, भोवतालचं गवत आधी कापून मोकळा पट्टा ठेवा आणि वारा पडल्यावर, माणसं हाताशी असतानाच पेटवा.