कामाचे हातमोजे: जाडी नव्हे, शिक्का बघून घ्या

जाड हातमोजे घातले की हात सुरक्षित, हा सल्ला आधी डोक्यातून काढून टाका. पत्र्याची धार जाड सुती मोजाही सहज कापते, शिवाय जाडीमुळे पकड जाते ते वेगळंच. हाताला धोका कशाचा आहे ते ठरवा: धारेचा, घासण्याचा, उष्णतेचा की रसायनाचा. मोजे त्यानंतर.

माप सोपं आहे. अंगठा सोडून तळहाताचा घेर इंचांत मोजा, साधारण तोच नंबर. बोटांच्या टोकाशी मोजा लोंबत असेल तर एक नंबर कमी घ्या.

कोटिंग: तेलकट कामाला नायट्राइल (कृत्रिम रबर), कोरड्या बारीक कामाला पीयू (पॉलियुरेथेन). लेटेक्सची (नैसर्गिक रबराची) ओल्यात पकड छान, पण तेलाने ते फुगून खराब होतं.

खरी अडचण मागच्या शिक्क्याची. हातोडीचं चित्र, ‘ईएन ३८८’ (हातमोज्यांचं युरोपीय मानक) आणि खाली ‘४एक्स४३डी’ असं काहीतरी. मलाही हे बरेच दिवस उलगडत नव्हतं. क्रमाने वाचा: घासणं, कापणं, फाटणं, टोचणं आणि शेवटच्या अक्षरात पुन्हा कापणं. कापण्याची नोंद दोनदा का? जुन्या चाचणीत (दुसरा आकडा तिचा) गोल पातं मोज्यावर मागेपुढे फिरवतात. विणीत काचतंतू किंवा पोलादी तार असली की ते पातं बोथट होतं आणि आकडा उगाच चढतो. म्हणून २०१६ च्या आवृत्तीत सरळ पात्याची चाचणी आली. तिची अक्षरं ए ते एफ; मोजा कापायला लागणारा जोर न्यूटनमध्ये मोजतात: ए म्हणजे किमान २ न्यूटन, डी १५, एफ ३०. एक्स दिसला म्हणून मोजा नाकारू नका, ती चाचणी तिथे धरलेली नाही एवढंच.

विक्रेता पहिला ४ दाखवून ‘कट-प्रूफ’ म्हणाला तर अजिबात ऐकू नका. तो ४ घासण्याचा आहे! धारदार पत्रा किंवा काच हाताळायची असेल तर मी डी च्या खाली जात नाही, तुम्हीही जाऊ नका. टोचण्याच्या आकड्यावर इंजेक्शनच्या सुईसाठी भिस्त ठेवू नका. ती चाचणी खिळ्यासारख्या जाड टोकाने घेतात.

गरम वस्तूंसाठी ‘ईएन ४०७’ बघा, आणि मोजा ओला असेल तर वापरू नका. पाण्यातून चटका लगेच आत पोचतो. रसायनासाठी त्याच्या सुरक्षा पत्रकात (उत्पादक देतो त्या माहितीपत्रकात) सांगितलेलंच मटेरियल.

लेथ किंवा ड्रिल मशीन चालू करण्याआधी मात्र मोजे काढा. फिरत्या भागात धागा अडकला की मोज्यासकट हात आत ओढला जातो.