पाच अक्षरी इंग्रजी शब्द आणि शेवटचं अक्षर: या चुका टाळा

‘ई’ने संपणारा पाच अक्षरी इंग्रजी शब्द सांगा म्हटलं, की आपल्याकडे पहिली उत्तरं येतात पार्टी, हॅपी, सिटी. कानाला शेवटी ई ऐकू येतो ना! लिहून बघा. पार्टी आणि हॅपी ‘वाय’वर संपतात, आणि सिटीत तर अक्षरंच चार. उलट हाउस, नर्स, डान्स, लार्ज या शब्दांत शेवटी ई कुणी उच्चारत नाही, पण स्पेलिंगमध्ये तो ठाण मांडून बसलेला असतो. वर्डल हा ऑनलाइन शब्दखेळ असो, मुलांचा गृहपाठ असो की गॅदरिंगमधला शब्दांचा खेळ, बहुतेक घोळ इथेच होतो. आपण जे बोलतो ते लिहितो, त्यामुळे शेवटचं अक्षरही कानानेच शोधायला जातो.

‘राइट’ हा एकच उच्चार घ्या. लिहिणे या अर्थाचा राइट डब्ल्यू-आर-आय-टी-ई, म्हणजे पाच अक्षरं आणि शेवट ई. बरोबर किंवा उजवा या अर्थाचा राइट आर-आय-जी-एच-टी, अक्षरं पुन्हा पाचच, पण शेवट टी. उच्चारात तसूभरही फरक नाही. म्हणून यादी तोंडी करत बसू नका, कागद घ्या. मोजणीचंही तेच. फोन, नाइफ, नॉक ऐकायला इवलेसे, पण प्रत्येकात पाच अक्षरं. ब्रिज आणि स्कूल तितकेच छोटे वाटतात आणि सहा भरतात.

कानाचा उपयोग अगदीच नाही असं नाही. इंग्रजीत शब्दाच्या शेवटी नुसता ‘व्ही’ किंवा ‘जे’ क्वचितच येतो. शेवटी ‘व्ह’ ऐकू आला, की पुढे ई धरून चाला: ब्रेव्ह, कर्व्ह, सॉल्व्ह, ग्लोव्ह, ड्राइव्ह. शेवटी ‘ज’ ऐकू आला तरी तेच: जज, बॅज, स्टेज. ‘जे’ने संपणारा राज इंग्रजी शब्दकोशात आहे खरा, पण तो आपल्याकडूनच गेलेला. ‘आय’ने संपणारा खाकीही तसाच, आणि तो मोजून पाच अक्षरी आहे!

आता वर्डल. यात पाच अक्षरी इंग्रजी शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा असतो. प्रत्येक प्रयत्नानंतर योग्य जागी बसलेलं अक्षर हिरवं होतं, शब्दात असून जागा चुकलेलं पिवळं, आणि शब्दात नसलेलं करडं. जॉश वॉर्डलने 2021 च्या ऑक्टोबरमध्ये हा खेळ सगळ्यांसाठी खुला केला आणि जानेवारी 2022 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने तो विकत घेतला. मूळ उत्तरांच्या यादीत साधारण 2300 शब्द होते. त्यांतले 400 हून जास्त ‘ई’वर संपायचे आणि 350 हून जास्त ‘वाय’वर. ‘एस’वर संपणारे मात्र 40 सुद्धा नव्हते. कारण उघड आहे: बुक्स, कार्स यांसारखी नुसता एस जोडून केलेली अनेकवचनं उत्तरांत घेतलेली नव्हती. टाइप केलीत तर खेळ ती स्वीकारतो, आणि लोक तिथेच फसतात. शब्द चालला म्हणजे तो उत्तर असू शकतो, असं नाही. शेवटी एस हवाच असेल तर ग्लास, फोकस, केऑस या जातीचे शब्द आठवा.

सगळ्यात महागात पडणारी चूक वेगळीच आहे. शेवटची चार अक्षरं हिरवी झाली, की आता जिंकलोच असं वाटतं. समजा ए-टी-सी-एच जागेवर बसलं. उरतात बॅच, कॅच, हॅच, लॅच, मॅच, पॅच आणि वॉच. म्हणजे सात शब्द, आणि हातात असतात तीन-चार प्रयत्न. एकेक करून टाकत गेलात तर कारभार नशिबावर. त्याऐवजी एक प्रयत्न मुद्दाम ‘वाया’ घालवून क्लॅम्प टाका, सी-एल-ए-एम-पी. एल, एम किंवा पी रंगला तर उत्तर अनुक्रमे लॅच, मॅच किंवा पॅच. पहिला सी हिरवा झाला तर कॅच. नुसता पिवळा झाला आणि ते तिघंही करडे राहिले, तर बॅच, हॅच, वॉच एवढेच उरले. हार्ड मोड चालू असेल तर ही सोय मिळत नाही, कारण तिथे हिरवी अक्षरं जागेवर ठेवावीच लागतात. माझ्या मते नव्या खेळाडूने हार्ड मोडच्या वाटेला जाऊच नये. लाइट, नाइट, फाइट, टाइट ही भावंडं आणि साउंड, राउंड, पाउंड ही त्यांची चुलत भावंडं अशीच गोत्यात आणतात.

शेवटचा ई हिरवा झाला म्हणजे ई संपला, असंही समजू नका. देअर, एलीट, गीस यांत तो पुन्हा आहे. दोन ई असलेला शब्द टाकलात आणि एक रंगून दुसरा करडा राहिला, तरच उत्तरात एकच ई आहे असं म्हणता येतं. ‘वाय’च्या शब्दांत आधीचं व्यंजन दुहेरी असतं का ते बघा: फनी, जॉली, पपी, डॅडी.

आपण शाळेत ब्रिटिश स्पेलिंग शिकलो, वर्डल अमेरिकन आहे. लिटर, मीटर, फायबर दोन्हीकडे पाच अक्षरीच, पण आपला शेवट ‘ई’ आणि त्यांचा ‘आर’. कलर, फेवर, ह्यूमर आपल्याकडे सहा अक्षरी, तिकडे पाच. 2022 च्या सुरुवातीला फेवर हे उत्तर आलं तेव्हा ब्रिटनमधले खेळाडू भलतेच वैतागले होते.

यादी चॅटबॉटकडून मागवली असेल तर प्रत्येक शब्द मोजा. तो शब्द सुट्या अक्षरांत नाही, तुकड्यांत वाचतो, त्यामुळे सहा अक्षरी शब्दही खुशाल पाचात घुसवू शकतो. त्यापेक्षा वनलुकसारख्या शब्द शोधून देणाऱ्या साइटवर चार प्रश्नचिन्हं (एकेका अक्षरासाठी एकेक) आणि पुढे हवं ते अक्षर टाकलेलं बरं. तिथली यादी एक्सेलमध्ये घेतलीत, तर लेन हे फंक्शन लांबी मोजतं आणि राइट हे शेवटचं अक्षर काढून देतं. दिसायला पाच अक्षरं असूनही लेन सहा दाखवत असेल, तर शब्दामागे एक स्पेस चिकटलेली असणार. ट्रिम वापरा. तरीही सहाच आले, तर ती वेबपेजवरून आलेली वेगळ्या जातीची स्पेस असते, 160 क्रमांकाची. ती ट्रिमला दाद देत नाही, सबस्टिट्यूट वापरूनच काढावी लागते.