सॉफ्टवेअर एकदाच सर्व्हरवर बसवून सगळ्या संगणकांवर कसे चालवावे

चोपडा-पारोळ्याकडच्या एखाद्या शाळेत हार्ड डिस्क बिघडलेले संगणक धूळ खात पडले असतील, तर एलटीएसपी (लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट) या मुक्त लिनक्स प्रणालीने ते सर्व्हरवरून नेटवर्कने पुन्हा चालू करता येतात. अशा संगणकाला क्लायंट म्हणतात. मात्र 2019 मध्ये नव्याने लिहिलेल्या आवृत्तीत सॉफ्टवेअर क्लायंटच्याच प्रोसेसरवर आणि रॅमवर चालते, त्यामुळे प्रत्येक क्लायंटला निदान 2 जीबी रॅम असावी.

प्रथम सर्व्हरवर डेस्कटॉपसह उबुंटू किंवा डेबियन बसवावे. त्यानंतर एलटीएसपी, डीएनएसमास्क, एनएफएस सर्व्हर, ओपनएसएसएच सर्व्हर आणि स्क्वॉशएफएस-टूल्स ही पॅकेजे ‘अ‍ॅप्ट’ या आज्ञेने घ्यावीत. मग ‘एलटीएसपी’ या आज्ञेला अनुक्रमे डीएनएसमास्क, इमेज, आयपीएक्सई, एनएफएस आणि इनिटआरडी हे शब्द जोडून पाच आज्ञा रूट (म्हणजे प्रशासकाच्या) अधिकाराने चालवाव्यात. (टर्मिनलमध्ये त्या अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या.) ‘इमेज’पुढे जागा सोडून एक तिरकी रेघ द्यावी, ती रेघ म्हणजे सर्व्हरची स्वतःचीच प्रणाली, आणि तिचीच दाबलेली प्रत क्लायंटना मिळते. क्लायंटच्या बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) नेटवर्क बूट पहिल्या क्रमांकावर ठेवले की झाले.

खरी गफलत पुढे होते. मी एकदा सर्व्हरवर जिओजेब्रा हे गणिताचे सॉफ्टवेअर बसवले, तिथे ते उघडूनही पाहिले आणि निश्चिंतपणे वर्गात गेलो. पण पोरांच्या एकाही मेनूत ते दिसेना. क्लायंट जुन्याच प्रतीवर चालत होते. म्हणून प्रत्येक नव्या सॉफ्टवेअरनंतर, आणि अद्ययावतीकरणानंतरही, इमेजची आज्ञा पुन्हा चालवून क्लायंट रीस्टार्ट करावेत. प्रत तयार होण्यास बराच वेळ लागतो, तेव्हा हे काम शाळा सुटल्यावर करावे आणि मराठी फॉन्ट, प्रिंटर वगैरे सारे आधीच बसवून घ्यावे. नव्या विद्यार्थ्याचे खाते उघडल्यास मात्र इमेज लागत नाही, इनिटआरडीची आज्ञा पुरते. ती विसरल्यास पासवर्ड बरोबर असूनही त्याला लॉगिन करता येत नाही.

यूपीएसला केवळ सर्व्हर जोडून भागत नाही. सगळे संगणक सर्व्हरला जोडणारा नेटवर्क स्विच बंद पडला तर चालू असलेले सगळे क्लायंट जागच्या जागी गोठतात, म्हणून तोही यूपीएसवरच असावा. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात 45 अंशांच्या वर जातो. सर्व्हर पत्र्याच्या खोलीत किंवा बंद कपाटात ठेवू नये.