दीर्घिकांचा प्रकाश वाचताना या चुका टाळा

गिरगाव चौपाटीवर मावळता सूर्य लालबुंद दिसतो, पण तो काही आपल्यापासून पळत नसतो. हवा आणि धूळ निळा प्रकाश विखुरते, म्हणून लाल उरतो. तरी माझ्या शिकवणीतली मुलं दीर्घिकेबद्दल, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड समूहाबद्दल, दरवर्षी लिहितात, ‘दीर्घिका लाल दिसते, म्हणून ती लांब जाते.’

रंगाकडे बघू नका, वर्णपटातल्या, म्हणजे प्रकाश पसरवून मिळणाऱ्या रंगपट्टीतल्या, काळ्या रेघा बघा. कॅल्शियमची एक रेघ मुळात ३९३.४ नॅनोमीटरवर असते. समजा, दीर्घिकेच्या प्रकाशात ती ४१३.१ वर सापडली. फरक १९.७. त्याला भागायचं मूळ ३९३.४ ने. दिसलेल्या ४१३.१ ने भागून निम्मी मुलं मार्क घालवतात! उत्तर ०.०५, हीच रेडशिफ्ट, म्हणजे रेघांचं लाल बाजूला सरकणं. सेकंदाला ३ लाख किलोमीटर या प्रकाशवेगाने गुणलं की दीर्घिकेचा लांब जाण्याचा वेग मिळतो, सेकंदाला १५,००० किलोमीटर. हा गुणाकार असल्या लहान आकड्यांपुरताच. आणि एकाच रेघेवर विसंबू नका; हायड्रोजनच्या रेघा त्याच प्रमाणात सरकल्या नसतील, तर रेघ ओळखण्यातच गफलत झाली आहे.

माटुंग्याला न थांबता जाणाऱ्या फास्ट लोकलचा भोंगा ती लांब जाताना खालच्या सुरात ऐकू येतो, हे उदाहरण मीही वर्षानुवर्षं दिलं. आता देत नाही. लोकल रुळांवरून धावते. इथे रूळच, म्हणजे दीर्घिकांमधलं अवकाशच, ताणले जातात. त्यापेक्षा पायजम्याचं इलॅस्टिक घ्या. दर २ सेंटिमीटरवर पेनाने ठिपके काढा, मध्ये एक नागमोडी रेघ, आणि दुप्पट ताणा. शेजारचा ठिपका २ सेंटिमीटर लांब गेला, चौथा ८. कुठल्याही ठिपक्यापासून मोजा, हेच. म्हणजे ‘सगळ्या आपल्यापासूनच लांब जातात, मग आपण मध्यभागी का?’ हा प्रश्नच मिटला. नागमोडी रेघेच्या लाटाही लांबल्या, प्रकाशाचं तेच होतं.

शेजारच्या दीर्घिकेवर मात्र हे पडताळू नका. देवयानी आपल्याकडेच येते आहे, सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटरने. स्लायफर या अमेरिकी खगोलशास्त्रज्ञाने १९१२ मध्येच तिचा वर्णपट घेतला होता. जवळच्या जवळ गुरुत्वाकर्षणाची सरशी होते. दादर-ठाणे अंतरही वाढत नाही, वाढतो तो प्रवासाचा वेळ.

शेवटची चूक खुद्द हबलची, म्हणजे दीर्घिका जितकी दूर तितका तिचा वेग जास्त हे दाखवणाऱ्या खगोलशास्त्रज्ञाची. रेडशिफ्टवरून अंतर काढायचं, तर आधी काही दीर्घिकांची अंतरं दुसऱ्या मार्गाने मोजावी लागतात. १९२९ मध्ये त्याची ती अंतरं फार कमी आली. त्यामुळे दर ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागे वेग सेकंदाला सुमारे ५०० किलोमीटर निघाला. आज तो ७० च्या आसपास धरतात. त्या ५०० च्या हिशेबाने विश्वाचं वय २०० कोटी वर्षं येत होतं, पृथ्वीपेक्षाही कमी.